लाइन डान्सच्या स्पर्धेत उतरायचे आहे. सुरुवात कशी करावी?

निळी छत्री

नमस्कार. गेली ११ वर्षे मी टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेकडील एका उपनगरात राहते. वय ४६. शाळेतल्या लेझमीनंतर नाचाशी माझा संबंध आला तो एकदम दोन वर्षांपूर्वी, कार्यालयातल्या मैत्रिणीने मला जवळच्या डान्स हॉलमधल्या गुरुवारच्या लाइन डान्स वर्गाला अक्षरशः ओढून नेले तेव्हा. त्यानंतरचे गुरुवार मी सहसा चुकवलेले नाहीत.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. लाइन डान्सला जोडीदार लागत नाही. सगळे जण ओळींत, एकाच दिशेला तोंड करून उभे राहतात आणि ठरलेली पावले एकाच वेळी टाकतात. ३२, ४८ किंवा ६४ मात्रांचा एक पाठ असतो आणि गाणे संपेपर्यंत त्याची आवर्तने होत राहतात. चार भिंतींचा नाच असेल तर प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी तोंड नव्या भिंतीकडे होते. दोन भिंतींचा असेल तर पाठीमागच्या. म्हणून एका आवर्तनाला इथे ‘वॉल’ म्हणतात. पावले लिहिलेल्या कागदाला ‘स्टेप शीट’ म्हणतात. आमच्या हॉलमध्ये जोडीने टू-स्टेप करणारे लोक कडेकडेने घड्याळाच्या उलट दिशेने फिरत असतात आणि मधल्या मोकळ्या जागेत आम्हा ओळवाल्यांचे राज्य असते.

मला आजमितीस चाळीसएक नाच पाठ आहेत. आमच्या शिक्षिकेने परवा सहज सुचवले की वसंत ऋतूतल्या स्पर्धेत मी ‘न्यूकमर’ गटात नाव द्यावे. मी हो म्हणून बसले आणि आता झोप उडाली आहे. हॉलमध्ये हौसेने नाचणे आणि परीक्षकांसमोर नाचणे यांत नेमका फरक काय? सरावाला किती वेळ द्यावा? या वयात नव्याने उतरण्यात काही शहाणपणा आहे का? आणि बूट कोणते घ्यावेत? कोणी प्रत्यक्ष स्पर्धेत नाचले असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

मुळाक्षर

हेटाळणी करण्याचा हेतू नाही, खरोखर समजून घ्यायचे आहे. सगळ्यांची पावले एकच, मात्रा एकच, दिशाही एकच. मग परीक्षक पहिला क्रमांक काढतात कशाच्या आधारावर? आमच्या शाळेत लेझमीच्या स्पर्धा होत, परंतु तिथे क्रमांक सबंध पथकाचा येई. पथकातल्या एकाच मुलाला पुढे बोलावून ‘तू छान खेळलास’ असे कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही.

एकतारी

मी नेदरलँड्समध्ये राहते आणि पाच हंगाम स्पर्धांत नाचले आहे, त्यामुळे दोघांनाही एकत्रच उत्तर देते.

मुळाक्षर यांचा प्रश्न रास्त आहे, आणि माझ्या मते या धाग्यातला महत्त्वाचा प्रश्न तोच आहे. गणपतीत दहा घरी मोदक खाल्ले तर उकड तीच असते आणि सारणही तेच असते, तरीही कोणाच्या हाताला कळ्या पडतात आणि कोणाच्या हातून नुसते गाठोडे होते, हे पहिल्या नजरेत कळते. इथे नेमके तसेच घडते. पावले आधीच जाहीर झालेली असल्यामुळे परीक्षकाला ‘हिला पाठ आहे का’ हे पाहण्यात रस उरत नाही, कारण मजल्यावर, म्हणजे नाचाच्या फरशीवर, आलेल्या प्रत्येकाला पाठ असणारच. तो पाहतो की पाऊल ठोक्यावर पडते की ठोक्याच्या मागे फरपटत येते, अंगाचे वजन एका पायावरून दुसऱ्यावर पूर्ण जाते की मध्येच रेंगाळते, आणि त्या तालाला जी चाल शोभते ती अंगात उतरली आहे की नाही. चेहरा, हात आणि प्रेक्षकांशी जुळणारे नाते यांचा विचार त्यानंतर येतो, निदान खालच्या गटांत तरी.

निळी छत्री ताई, तुम्ही अमेरिकेत आहात, म्हणजे तुमची स्पर्धा बहुधा युनायटेड कंट्री वेस्टर्न डान्स कौन्सिल या संस्थेच्या नियमांनी होणार. आमच्याकडे युरोपात वर्ल्ड कंट्री डान्स फेडरेशनच्या स्पर्धाही होतात. दोन्हींकडे ढाचा साधारण सारखाच आहे. न्यूकमर, नोव्हिस, इंटरमीजिएट, ॲडव्हान्स्ड असे चढत्या पायरीचे गट असतात आणि प्रत्येक गटासाठी त्या हंगामात कोणते नाच करायचे हे आधीच जाहीर होते. खालच्या गटांत स्टेप शीटबरहुकूम नाचायचे असते. वरच्या गटांत सुरुवातीची आवर्तने शीटप्रमाणे नाचून झाली की पुढे स्वतःचे बदल करण्याची मुभा मिळते. अमेरिकन संस्थेची जागतिक स्पर्धा जानेवारीच्या सुरुवातीला होते आणि वर्षभरातल्या मान्यताप्राप्त स्पर्धांत नाचून तिच्यासाठी पात्र व्हावे लागते. पण तो विचार तूर्तास बाजूला ठेवा.

आता चालीविषयी, कारण हॉलमध्ये नाचणाऱ्यांना नेमकी हीच गोष्ट कोणी सांगत नाही. स्पर्धेतले नाच गाण्याच्या आवडीनिवडीनुसार नव्हे, तर अंगाच्या हालचालीच्या जातीनुसार विभागलेले असतात. ‘लिल्ट’ म्हणजे पोल्का किंवा ईस्ट कोस्ट स्विंगसारखी उसळती चाल, जिच्यात शरीर गुडघ्यांतून आणि घोट्यांतून हलके वर उचलले जाते. ‘राइज अँड फॉल’ म्हणजे वॉल्ट्झ. त्यात तीन मात्रांत शरीर चढते आणि उतरते, पण ते उसळत नाही, भरतीच्या पाण्यासारखे फुगते. ‘क्यूबन’ म्हणजे चा-चा आणि रुंबाची कंबरेची चाल. ‘स्मूथ’ म्हणजे नाइटक्लब टू-स्टेप किंवा वेस्ट कोस्ट स्विंगसारखी सपाट, सरकती चाल, जिच्यात डोके वरखाली होता कामा नये. याखेरीज ‘फंकी’ आणि ‘नॉव्हेल्टी’ असे आणखी प्रकार आहेत. त्यांची चिंता तुम्हाला इतक्यात नको.

तुम्हाला चाळीस नाच येतात असे तुम्ही लिहिले आहे. स्पष्ट बोलल्याबद्दल क्षमस्व, पण मला शंका आहे की तुम्ही ते चाळीसही नाच एकाच चालीत नाचत असाल. मी तेच करत होते. माझ्या पहिल्या स्पर्धेनंतर एका परीक्षकांनी अतिशय सौम्यपणे मला सांगितले की माझा वॉल्ट्झ, माझा चा-चा आणि माझा पोल्का हे तीन वेगवेगळ्या गाण्यांवर केलेले एकच चालणे आहे. घरी परतताना गाडीत बराच वेळ मी कोणाशी बोलले नाही.

गुळपोळी

एकतारी यांनी लिहिलेले वाचून मान डोलावत होते. मी शिकागोत असते. लहानपणी नागपुरात आठ वर्षे कथक शिकले आणि त्या जोरावर लाइन डान्स म्हणजे आपल्या हातचा मळ आहे असे समजून नोव्हिस गटात थेट उतरले. तोंडावर आपटले.

कथकाचा उपयोग झाला नाही असे म्हणणार नाही. ३२ मात्रांचे आवर्तन, त्यातले आठ-आठचे खंड, पुन्हा समेवर येण्याची ओढ हे सगळे ओळखीचे वाटते. गाण्याच्या ओळींशी जुळवण्यासाठी काही नाचांत आवर्तनाच्या शेवटी चार-आठ मात्रांचा जादा तुकडा जोडतात, त्याला ‘टॅग’ म्हणतात; कधी आवर्तन अर्ध्यावर सोडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे असते, त्याला ‘रीस्टार्ट’ म्हणतात. माझ्याबरोबरचे लोक तो कितव्या वॉलला येतो हे बोटांवर मोजत असत. मला मात्र गाणे ऐकूनच कळत असे की आता इथे काहीतरी तुटणार आहे.

नुकसान झाले ते पावलांचे. तत्कारात आपण पूर्ण तळवा जमिनीवर आपटतो, आवाज निघालाच पाहिजे अशी सवय लागलेली असते. वॉल्ट्झमध्ये पुढे जाताना टाच आधी टेकते, मग पाऊल चवड्यावर येते, आणि मागे जाताना याच्या उलट घडते. हे सगळे आवाज न करता करायचे असते. मी वॉल्ट्झमध्येही थाप मारत होते. क्यूबनने तर मला रडवले. कंबर हलवायची म्हणून मी ती मुद्दाम हलवत असे आणि आरशात ते फार केविलवाणे दिसत असे. शेवटी शिक्षकांनी सांगितले की कंबरेचा विचारच सोड. वाकलेल्या गुडघ्याने पाऊल टाक, त्यावर वजन घे आणि वजन येता येता गुडघा सरळ कर. कंबर आपली आपण जाईल. तीन आठवड्यांनी ती खरोखरच गेली.

जाता जाता एक गंमत सांगते. मात्रा मी मराठीत मोजते, पण चा-चामध्ये तिसऱ्या आणि चौथ्या मात्रेच्या मध्ये एक अर्धी मात्रा असते आणि तिथे ‘आणि’ म्हणायला गेले की दोन अक्षरांत पाऊल हमखास उशिरा पडते. म्हणून मी ‘एक, दोन, तीन-नि-चार’ असे म्हणते. ‘सहा’ची अडचण तरीही राहतेच, तो मी नुसता ‘सा’ करून टाकला आहे.

निळी छत्री

सर्वांचे मनापासून आभार. एकतारी, तुम्ही क्षमा मागण्याचे कारण नाही, कारण तुमचा प्रतिसाद वाचून मी या आठवड्यात दोन प्रयोग केले आणि दोन्हींत उघडी पडले.

पहिला प्रयोग मी ठरवून केलेला नव्हता. गुरुवारी हॉलमध्ये गर्दी नव्हती आणि मी नेहमीप्रमाणे दुसऱ्या ओळीत उभी होते. नाच दोन भिंतींचा होता. पहिले आवर्तन झाले, आम्ही सगळे मागच्या भिंतीकडे वळलो आणि माझ्या लक्षात आले की मागे तिसरी ओळच नव्हती. आता मीच सगळ्यांच्या पुढे होते. समोर फक्त भिंत, तिच्यावर बिअरची निऑन पाटी आणि कोपऱ्यातला पाण्याचा नळ. सोळाव्या मात्रेला मी थांबले. पुढचे पाऊल डोक्यात नव्हतेच. गेले वर्षभर मी तो नाच ‘पाठ आहे’ असे म्हणत होते, आणि प्रत्यक्षात तो पुढच्या बाईंच्या टाचांवर पाठ होता.

दुसरा प्रयोग घरी केला. दूरध्वनी पुस्तकांच्या फडताळात टेकवून ठेवला आणि एक साधा चार भिंतींचा नाच चित्रित केला. पाहिल्यावर दिसले की मी एका जागी दर वेळी छोटीशी उडी मारून पाय बदलते. ती उडी स्टेप शीटवर कुठेही नाही. ती का येते हे मला अजून समजलेले नाही.

एकतारी

ती उडी वजनामुळे येते. ‘ग्रेपव्हाइन’चे उदाहरण घेऊ, कारण ते वर्गात पहिल्याच दिवशी शिकवतात. पहिल्या मात्रेला उजवा पाय उजवीकडे, दुसरीला डावा त्याच्या मागून ओलांडून, तिसरीला पुन्हा उजवा उजवीकडे, आणि चौथीला डावा पाय उजव्याशेजारी नुसता टेकवायचा असतो. इथे ‘टेकवणे’ आणि ‘ठेवणे’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. टेकवलेल्या पायावर वजन नसते, म्हणून पाचव्या मात्रेला तो डावीकडे जायला मोकळा असतो. तुम्ही चौथ्या मात्रेला डाव्या पायावर नकळत अर्धे वजन टाकत असणार. मग पाचवीला तोच पाय उचलायचा तर आधी वजन परत उजवीकडे ढकलावे लागते, आणि त्या ढकलण्याची तुमची उडी होते. हॉलमध्ये ती कोणाला दिसत नाही. परीक्षकाला ती अगदी मागच्या खुर्चीवरूनही दिसते, कारण ओळीतल्या बाकीच्यांची डोकी स्थिर असतात आणि तुमचे एकटीचे हलते.

यावर मी करते तो उपाय सांगते. कोणाला तरी गाणे मध्येच बंद करायला सांगायचे. गाणे थांबले त्या क्षणी आहे तसे थांबायचे आणि जो पाय मोकळा असायला हवा तो लगेच उचलायचा. उचलताना शरीर जरादेखील डुलले तरी वजन मधे अडकले होते असे समजावे. घरी हे काम माझा मुलगा करत असे आणि त्याला त्यात आसुरी आनंद मिळत असे. संगीताशिवाय, निम्म्या गतीने, मात्रेमात्रेला वजन तपासत एक नाच पूर्ण करायला पंधरा मिनिटे लागतात. सुरुवातीचा महिनाभर दोनच नाच घ्या आणि रोज अर्धा तास हेच करा. बाकीचे ३८ गुरुवारसाठी राहू द्या.

भिंतीचा उपाय सोपा आहे. रोजच्या सरावात पहिले आवर्तन प्रत्येक वेळी वेगळ्या भिंतीकडे तोंड करून सुरू करा. खोलीतल्या वस्तूंच्या खुणांवर नाच पाठ झालेला असतो, त्या खुणा मोडाव्या लागतात. स्पर्धेत मजल्यावर एका वेळी थोडेच लोक असतात, अंतर जास्त असते, आणि शेजारचा चुकला तर त्याची चूकही तुमच्या डोळ्यांत शिरते.

हाडवैद्य

मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. लाइन डान्स स्वतः कधी केलेला नाही, पण बुटांविषयीच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून लिहितो.

रबरी तळव्याचे धावण्याचे बूट घालून वळणाचा नाच करू नये. पाऊल जमिनीला चिकटून राहते, वरचे शरीर वळते आणि तो सगळा पीळ गुडघ्यावर येतो, कारण गुडघ्याचा सांधा मुख्यतः दुमडण्यासाठी आहे, फिरण्यासाठी नाही. नर्तक चामड्याच्या किंवा स्वेडच्या (लवदार चामड्याच्या) तळव्याचे बूट वापरतात ते याचसाठी. चवड्यावर वजन ठेवून पाऊल फिरायला मोकळे हवे. उलट तळवा फार गुळगुळीत झाला तर घसरण्याचा धोका असतो. घरी गालिच्यावर वळणांचा सराव मुळीच करू नका, तिथे कोणताही तळवा अडकतो.

वयाचे म्हणाल तर ४६ ही काही अडचण नाही. मात्र चवड्यावर चढण्या-उतरण्याचा भार पोटऱ्यांवर आणि टाचेमागच्या शिरेवर येतो, आणि ती शीर हळूहळूच बळकट होते. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा सावकाश वर-खाली करण्याचा व्यायाम एक दिवसाआड करा. दात घासताना एका पायावर उभे राहा, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या. आधीपासून गुडघा दुखत असेल किंवा सुजत असेल तर मात्र प्रत्यक्ष तपासून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टेकडीवरचा

मी इंग्लंडमध्ये, यॉर्कशायरच्या एका गावात राहतो आणि आठवड्यातून दोन रात्री नाचतो. एकदा स्पर्धेत उतरलो आणि नंतर उतरलो नाही, म्हणून दुसरी बाजूही नोंदवून ठेवतो.

लाइन डान्स म्हणजे काउबॉय टोपी, हे समीकरण पुष्कळ अलीकडचे आहे. ओळींत उभे राहून नाचण्याची ‘मॅडिसन’ची लाट १९५० च्या दशकाच्या अखेरीस ओहायोतल्या कोलंबस शहरातल्या कृष्णवर्णीय वस्तीतून उठली, ‘इलेक्ट्रिक स्लाइड’ १९७६ चा, म्हणजे डिस्कोच्या काळातला. गायक बिली रे सायरस यांचे ‘एकी ब्रेकी हार्ट’ हे गाणे १९९२ मध्ये गाजले आणि त्यावरचा नाच जगभर पसरला, तेव्हा कंट्री संगीताशी त्याची गाठ घट्ट बसली. आज आमच्या हॉलमध्ये आयरिश, लॅटिन, पॉप असे काहीही वाजते. स्पर्धेतला पोशाख मात्र नियमपुस्तकात लिहिलेला असतो, तेव्हा ताईंनी खरेदीला जाण्यापूर्वी ते पान वाचावे. माझी टोपी पहिल्याच वळणाला डोक्यावरून उडून शेजारच्या बाईंच्या पायात गेली होती. त्या तिला ओलांडून नाचत राहिल्या आणि पहिल्या आल्या.

माझी अडचण अशी झाली की सहा महिने दोनच नाच घासल्यावर ते मला आवडेनासे झाले. त्यांतले एक गाणे आजही लागले की मी चहा घ्यायला बाहेर जातो. एकतारी यांचा सल्ला स्पर्धेसाठी बरोबर आहे, पण तो पाळताना गुरुवारची मजा ताईंनी हातची घालवू नये.

एकतारी

टोपीला आतून लवचीक पट्टा शिवून घेतात, साहेब. बाकी तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे.

सिंगापूरची शेवंती

वयाविषयी हाडवैद्य यांनी लिहिलेच आहे. आमच्या इथे कम्युनिटी क्लबमध्ये लाइन डान्सला येणाऱ्या बहुतेक जणी साठीच्या पुढच्या आहेत आणि त्यांतल्या काही चिनी आजी माझ्यासारख्या पन्नाशीच्या बाईला दमवतात. निळी छत्री, तुमच्याकडच्या संस्थेत वयाचे गटही असतात ना? नोंदणी करताना तेवढे नीट पाहा.

एकतारी

असतात. चाळिशीपुढच्यांसाठी ‘डायमंड’, पन्नाशीपुढे ‘सिल्व्हर’ आणि साठीपुढे ‘गोल्ड’. कौशल्याचा गट आणि वयाचा गट असे दोन्ही मिळून तुमची जागा ठरते, म्हणजे तुम्ही ‘न्यूकमर डायमंड’ व्हाल. विशीतल्या मुलींशी तुलना होणार नाही.

मुळाक्षर

माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, आता दुसरा. समजा पाच परीक्षक आहेत आणि पाचही जणांची मते वेगळी आहेत. मग गुणांची सरासरी काढतात का? तसे असेल तर एकच परीक्षक एखाद्याला उचलू किंवा पाडू शकेल.

एकतारी

नेमके तेच टाळण्यासाठी नृत्यस्पर्धांत ‘स्केटिंग’ नावाची पद्धत वापरतात. ती १९३७ पासून बॉलरूमच्या स्पर्धांत रूढ झाली. परीक्षक गुण देत नाहीत, क्रमांक देतात, आणि निकाल बहुमताने लागतो. समजा पाच परीक्षकांनी अ ला १, १, ४, ४, ५ असे क्रमांक दिले आणि ब ला २, २, २, ३, ३ असे दिले. आधी पाहायचे की पहिला क्रमांक किमान तीन परीक्षकांनी कोणाला दिला आहे का. अ ला दोघांनीच दिला आहे, म्हणून बहुमत नाही. मग पहिला किंवा दुसरा क्रमांक किती जणांनी दिला ते मोजायचे. अ चे अजूनही दोनच, ब चे मात्र तीन. इतर कोणाचे तीन झाले नसतील तर ब पहिला. दोघांना अ विलक्षण आवडला असला तरी बाकी तिघांना तो पटलेला नाही, आणि ही पद्धत त्या तिघांचे ऐकते.

याचा व्यावहारिक अर्थ असा की न्यूकमर गटात चमकदार पण अस्थिर नाचण्यापेक्षा स्वच्छ आणि स्थिर नाचलेले फळते.

निळी छत्री

साडेचार महिन्यांनी परत लिहीत आहे. धागा वर आणल्याबद्दल राग मानू नये. स्पर्धा गेल्या शनिवारी झाली आणि तुम्हा सर्वांना वृत्तान्त देणे लागते.

दोन नाच केले, एक वॉल्ट्झ आणि एक लिल्ट. रोजचा अर्धा तास जवळजवळ पाळला. गाणे बंद करण्याचे काम नवऱ्याकडे दिले होते, पण तो दर वेळी विचारायचा, ‘आता करू का?’ त्यामुळे त्या व्यायामातला धक्काच निघून जाई. शेवटी मोबाइलवर मधूनच थांबणारी ध्वनिफीत तयार केली. बूट स्वेडच्या तळव्याचे घेतले. पार्किंगमधून ते घालूनच चालत आल्यामुळे पहिल्याच दिवशी तळव्याला डांबर लागले आणि तारेच्या ब्रशने घासत बसावे लागले. बूट पिशवीतून न्यायचे आणि मजल्यापाशी घालायचे असतात, हे मला कोणी सांगितले नव्हते, म्हणून इथे नोंदवते.

सकाळी आठला नोंदणी, पाठीला क्रमांकाची पट्टी, मग मजल्यावर सरावासाठी थोडा वेळ, आणि त्यानंतर नुसते थांबणे. सगळ्यात अवघड हे थांबणेच होते. आमचा गट पुकारला तेव्हा पोटऱ्या गार पडल्या होत्या. गटात आम्ही सहा जणी. प्रत्यक्ष नाच दीड-दोन मिनिटांचा असतो, त्यामुळे आपण काय करतो आहोत हे कळेपर्यंत तो संपतो.

लिल्ट आधी झाला आणि तो बिघडला. मी घाबरून उसळी पायांतून घेण्याऐवजी खांद्यांतून घेतली. चित्रफितीत मी कोणीतरी मागून ढकलत असल्यासारखी दिसते. वॉल्ट्झला मात्र वेगळाच अनुभव आला. नाच दोन भिंतींचा होता. पहिले आवर्तन परीक्षकांकडे तोंड करून झाले, मग आम्ही वळलो आणि समोर फक्त काळा पडदा होता. मागे पाहणारे पाच जण होते, पण मला ते दिसत नव्हते, आणि पुढे कोणाच्याही टाचा नव्हत्या. ‘एक दोन तीन, चार पाच सा’ म्हणत गेले. (गुळपोळी, हा तुमचा ‘सा’.) सोळावी मात्रा आली आणि गेली, ती गेल्याचे मला विसाव्या मात्रेला कळले.

वॉल्ट्झमध्ये तिसरी आले, लिल्टमध्ये सहापैकी सहावी. मुळाक्षर यांच्यासाठी वॉल्ट्झचे क्रमांक देते: ३, ३, ५, २, ३. एका परीक्षकाने पाचवा दिला, पण चौघांनी तिसरा किंवा त्याहून वरचा दिला होता, त्यामुळे तो एकटा मला खाली ओढू शकला नाही. नंतर एका परीक्षकांशी दोन मिनिटे बोलता आले. त्या म्हणाल्या की वजन आता पोहोचते आहे, पण ते पोहोचल्यावर मी थांबते. वॉल्ट्झमध्ये पाऊल संपता संपता पुढचे सुरू झालेले असायला हवे.

पुढची स्पर्धा सप्टेंबरमध्ये आहे. लिल्टसाठी काय करू?

एकतारी

अभिनंदन! लिल्टसाठी डोक्यावर एखादे जाड पुस्तक ठेवून जागच्या जागी चालायला लागा आणि पुस्तक न पाडता गुडघे सैल सोडायला शिका. उसळी नंतर आणू. खांदे हलले की पुस्तक सांगेल.

टेकडीवरचा

आणि टोपीला पट्टा शिवला होता का?

निळी छत्री

दोन शिवले होते.